कूर्व्हर पद्धत

फुटबॉलमधील वैयक्तिक कौशल्ये सुटी करून, ठरावीक क्रमाने व भरपूर आवर्तनांनी मुलांच्या अंगवळणी पाडण्याची डच प्रशिक्षणपद्धती. स्पर्धात्मक संघात अजून न गेलेल्या किंवा नुकत्याच जाऊ लागलेल्या, साधारणतः ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ती मुख्यतः वापरतात. ‘कोअर्व्हर’ हा रूढ उच्चार इंग्रजी वळणाचा आहे. डच आडनावातील पहिला स्वर ‘ऊ’ असल्याने येथे ‘कूर्व्हर’ असे लिहिले आहे.

वील कूर्व्हर (१९२४–२०११) हे नेदरलँड्सच्या कोळसापट्ट्यातील केर्कराडे गावचे. १९५६ मध्ये डच विजेतेपद मिळविणाऱ्या रॅपिड जेसी संघात ते होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली फेयेनोर्ड क्लबने १९७४ साली देशातील लीग आणि युरोपीय क्लबांसाठीचा यूएफा कप हे दोन्ही जिंकले. कपच्या दोन सामन्यांच्या अंतिम फेरीत पहिला सामना २–२ असा बरोबरीत सुटला व दुसऱ्यात इंग्लंडच्या टॉटनहॅमला २–० असे हरविले. १९७५-७६ मध्ये ते इंडोनेशियाचे प्रशिक्षक होते. एवढे यश पदरी असूनही त्यांचे नाव टिकले ते लहान मुलांना शिकविण्यामुळे.

पद्धतीच्या जन्मकाळाबद्दल एकवाक्यता नाही. ब्राझीलचे पेले, नेदरलँड्सचे क्रायुफ, इंग्लंडचे स्टॅन्ली मॅथ्यूज आदी नामवंत खेळाडूंच्या चित्रफिती पुन्हापुन्हा पाहून त्यांच्या हालचालींचे तुकडे पाडण्याचे काम कूर्व्हर यांनी बहुधा १९७० च्या दशकात हाती घेतले. उलट, आज या नावाने जगभर चालणारा कार्यक्रम अल्फ्रेड गालुस्टियन आणि चेल्सीचे माजी खेळाडू चार्ली कुक यांनी १९८४ मध्ये उभा केला, आणि काही लेखक तेच आरंभवर्ष धरतात. मूळ कल्पना कूर्व्हर यांची व तिची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी गालुस्टियन व कुक यांची, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

शिकविल्या जाणाऱ्या हुलकावण्यांची वंशावळ याहून गुंतागुंतीची आहे. चेंडूवरून पाय फिरवून चकविण्याच्या ‘कात्री’चा मान अर्जेंटिनात पेद्रो कालोमिनो यांना, तर नेदरलँड्समध्ये जावा बेटावर जन्मलेल्या लॉ अ‍ॅडम यांना देतात. चित्रीकरण जवळजवळ नसलेल्या काळातील असे दावे जपूनच घ्यावे लागतात. एकच युक्ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचणे अशक्य नाही. ब्राझीलच्या रिव्हेलिनो यांच्या नावावर चढलेला ‘एलास्तिको’ (एकाच पायाने चेंडू बाहेर ढकलून क्षणात आत ओढण्याची हुलकावणी) मात्र त्यांनी स्वतःच कोरिंथियन्स क्लबमधील सहकारी सेर्जिओ एचिगो यांच्याकडून उचलल्याचे सांगितले आहे. हे एचिगो पुढे जपानमध्ये स्थायिक झाले आणि त्यांनी देशभर मुलांची फुटबॉल शिबिरे घेतली. क्रायुफ यांची गिरकी (चेंडू मारण्याचा आव आणून तो टेकलेल्या पायामागून ओढत उलट वळणे) १९ जून १९७४ रोजी डॉर्टमुंड येथे स्वीडनविरुद्ध जगाने पाहिली. त्याआधी ती कोणी घेतलीच नव्हती, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही.

मांडणी मनोऱ्यासारखी असते. तळाशी चेंडूवरील हुकमत, त्यावर चेंडू घेणे व पास देणे, एकास-एक चकविणे, वेग, गोल मारणे आणि सर्वांत वर गटाने खेळणे. प्रत्यक्षात बराच वेळ तळावरच जातो. मूल गुडघे किंचित वाकवून, चवड्यांवर उभे राहते आणि चेंडू दोन्ही पायांच्या आतल्या कडांनी इकडून तिकडे टोलवते. मग उजव्या तळव्याने तो मागे ओढते, मग डाव्याने. प्रत्येक मुलाकडे स्वतःचा चेंडू असणे ही अट. रांगेत उभे राहून पाळीची वाट पाहणारी मुले दिसली, तर फलकावर नाव काहीही असो, ती ही पद्धत नव्हे. मॅथ्यूज हुलकावणीत पायाच्या आतल्या कडेने चेंडू अगदी थोडा आत सरकवतात, अंगही त्याच बाजूला झुकवतात आणि लगेच त्याच पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू बाहेर काढतात. मुले बहुधा चुकतात ती झुकण्यात: पाय बरोबर चालतो, पण खांदे सरळ राहतात, त्यामुळे समोरचा फसत नाही.

मुख्य आक्षेप मायदेशातूनच आला. प्रतिस्पर्ध्याविना घोटलेले कौशल्य सामन्यात उतरत नाही, असे मानणाऱ्या डच फुटबॉल संघटनेच्या वर्तुळाने १९८० च्या दशकात चार-विरुद्ध-चार खेळावर भर दिला. डच प्रशिक्षक रिनुस मिखेल्स हे या मताचे बिनीचे पुरस्कर्ते. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून सर्वांत लहान गटांसाठी दोन-दोन, तीन-तीनचे व चार गोलांचे सामने लागू केले, तेही याच विचाराला धरून. डच खेळाडू आर्येन रॉबेन यांच्यासारख्यांची उदाहरणे पद्धतीच्या बाजूने दिली जातात, पण एका खेळाडूच्या घडणीत कशाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. वाद काहीसा ताणलेलाही वाटतो. कुस्तीच्या तालमीत डाव आधी जोडीदाराबरोबर सावकाश बसवतात, मग झुंजीत त्याचा कस लागतो. दोन्हींपैकी एकच निवडा, असे कोणी वस्ताद म्हणत नाही. आवर्तनांनंतर त्याच तासात खराखुरा प्रतिस्पर्धी समोर आणणे, हा बहुतेक प्रशिक्षकांनी काढलेला मध्यममार्ग आहे.

भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘गोल्डन बेबी लीग’चा रोख छोट्या मैदानावरील, कमी खेळाडूंच्या सामन्यांकडे, म्हणजे आक्षेप घेणाऱ्यांच्या पक्षाकडे होता.

साहित्य मोजके लागते: शंकू व वयानुसार चेंडू. आठ वर्षांखालील मुलांना सामान्यतः ३ क्रमांकाचा, त्यापुढे १२ वर्षांपर्यंत ४ क्रमांकाचा चेंडू देतात. मोठ्यांच्या ५ क्रमांकाच्या चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंमी. असतो.