उपकारस्तुती आणि आशा: नागपूरच्या मंडळ्यांची पार्श्वभूमी

पाऊसकाळ सरून खरिपाचा माल बाजारात आला की नागपूरच्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये उपासनेला जमणाऱ्या ख्रिस्ती समुदायांत, उपकारस्तुतीच्या (देवाचे आभार मानण्याच्या) रविवारची तयारी सुरू होते. ‘हार्वेस्ट’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. वेदीपुढे कोहळं, भुईमुगाच्या शेंगा, सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या, संत्री, तांदळाच्या पिशव्या मांडल्या जातात. यातलं बरंचसं कॉटन मार्केट या भाजीबाजारातून आलेलं असतं. शहरातल्या मंडळीत शेती कसणारे असे किती असणार? उपासनेनंतर लिलाव होतो. एकच कोहळं दोन-तीनदा विकलं जातं, कारण घेणारा ते तिथल्या तिथे पुन्हा दान करतो. मग आगमनकाळ लागतो, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार. पदरात पडलं त्याचे आभार मानून झाले, की जे अजून यायचंय त्याची वाट बघायची.

आभार आणि आशा या दोन्हींची जोडी ख्रिस्ताचा प्रेषित पौल याच्या लिखाणात आधीच दिसते. थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला त्याचं पहिलं पत्र इ. स. ५० च्या सुमाराचं, नव्या करारातल्या (बायबलच्या ख्रिस्तानंतरच्या भागातल्या) सर्वांत जुन्या लिखाणांपैकी. त्या मंडळीतले काही जण वारले होते, आणि ख्रिस्त परत येण्याआधीच गेलेल्यांचं काय होणार, हा घोर मागे राहिलेल्यांना लागला होता. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं पौल त्यांना लिहितो. आणि त्याच पत्राच्या शेवटी, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, असंही. रडूच नका, असं तो कुठेही म्हणत नाही. प्रवचनांत ही गोष्ट बरेचदा निसटते आणि उपकारस्तुती म्हणजे हसतमुख राहणं, असा समज होऊन बसतो.

चर्चमध्ये पीक मांडण्याची आजची रीत मात्र बरीच अलीकडची. इंग्लंडात कॉर्नवॉलमधल्या मॉरवेन्स्टो गावी रॉबर्ट हॉकर या पाळकांनी १८४३ मध्ये ती घालून दिली, असं मानलं जातं. त्याच वर्षी तिकडे स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि फ्री चर्च वेगळं निघालं. त्याच चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले.

हिस्लॉप धर्मोपदेशक होते, शिक्षक होते आणि दगडधोंड्यांचे वेडेही होते. नागपूर परिसरातले जीवाश्म त्यांनी गोळा केले, गोंडांच्या कथा टिपल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं (प्राचीन काळी रचलेली दगडांची वर्तुळं) पाहून रात्री परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं १८८३ मध्ये, म्हणजे त्यांच्या मागे वीस वर्षांनी. कृतज्ञतेचं हे रूप मला भाषणांपेक्षा जवळचं वाटतं: गेलेल्या माणसाचे उपकार फेडायचे ते पुढच्या पोरांसाठी वर्ग काढून.

मराठी उपकारस्तुतीला सूर दिला तो कवी नारायण वामन टिळकांनी. तेही काही काळ नागपुरात होते. १८९३ मध्ये राजनांदगावच्या आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाई अनेक वर्षांच्या ताटातुटीनंतर परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. विलायती चालींवरच्या अनुवादित गीतांशेजारी टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची भजनं आणून ठेवली. पेटी-तबल्यावर ती आजही म्हटली जातात, आणि बिनशेतीच्या मंडळीलाही त्यात परकेपणा वाटत नाही.

आगमनकाळाशी तर नागपूरचं खास नातं आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी शहराच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. एकीची बोलणी १९२९ पासून चाललेली, म्हणजे वाट पाहणाऱ्यांची एक पिढी मधेच सरली होती. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट पंथाचे लोक शेवटच्या घटकेला बाजूला राहिले, ते आजही वेगळेच आहेत. त्यामुळे एकीसाठीची प्रार्थना नागपूरच्या चर्चमध्ये १९७० नंतरही चालूच राहिली.