एक ड्रॅगन, पाच खेळाडू: बॉसच्या लढतीमागचा हिशेब

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि पात्रे वठवत खेळायच्या साहस-खेळात महिनोन्महिने चाललेल्या मोहिमेचा शेवटचा राक्षस, म्हणजे बॉस, दुसऱ्याच फेरीत आडवा होतो, ही तक्रार जुनी आहे. पाच खेळाडूंच्या एका फेरीत पाच पाळ्या होतात, राक्षसाची एकच. त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसतो त्याचा आकडा) दुप्पट केले तरी पाळी एकच राहते. लढत लांबते, रंगत नाही. या खेळाची प्रत्येक आवृत्ती याच त्रांगड्याशी आपापल्या परीने झगडली आहे.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ आला तेव्हा ‘बॉस’ ही कल्पनाच त्यात नव्हती. अनुभवाचे गुण मुख्यतः खजिन्यातून मिळत, त्यामुळे मोठ्या राक्षसाला चुकवून सोने पळवणे हाच शहाणपणा. बॉस आला तो संगणकाकडून. १९७५ च्या सुमारास प्लेटो या संगणक यंत्रणेवर ‘डीएनडी’ नावाचा खेळ झाला, डंजन्स अँड ड्रॅगन्सवरूनच सुचलेला. त्यात भुयाराच्या टोकाला एक सोनेरी ड्रॅगन गोलकाची राखण करत बसलेला असे. संगणकीय खेळांतला पहिला बॉस म्हणून बहुधा त्याचेच नाव घेतले जाते.

टेबलावरचा जुना ड्रॅगन मात्र उलट्या चालीचा होता. १९८१ च्या बेसिक नियमांत त्याच्या फूत्काराने होणारी इजा त्याच्या उरलेल्या हिट पॉइंटांइतकी असे. ५० उरले असतील तर ५०, सेव्हिंग थ्रो (बचावासाठी टाकलेला फासा) साधला तर निम्मी; घायाळ होऊन १० वर आला तर फक्त १०. म्हणजे खरा धोका पहिल्या फेरीत, पुढे उतरती कळा. शिकार म्हणून हे ठीक आहे, पण शेवटची लढत म्हणून फुसके. जाळी विणणाऱ्या कोळ्यांची राणी लॉल्थ ही देवता, तरी तिला जेमतेम ६६ हिट पॉइंट होते.

१९८३ च्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या तयार साहसकथेने, म्हणजे ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याने, वेगळी वाट काढली. स्ट्राड हा व्हॅम्पायर शेवटच्या खोलीत वाट पाहत बसत नाही. तो किल्ल्यात कुठेही गाठतो, घाव घालतो आणि निसटतो. त्याचा हेतू आणि ठिकाण खेळायच्या पत्त्यांवरून ठरते. आकडे न फुगवता बॉस भारी करण्याची ही युक्ती आजही सर्वांत स्वस्त आहे. फार कमी डीएम (खेळ चालवणारे) ती वापरतात, हे नवलच.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीने चॅलेंज रेटिंग (राक्षस किती अवघड याचा आकडा) आणले, पण ते मोजले होते चौघांच्या पार्टीची सुमारे पाचवा हिस्सा ताकद खर्च होईल अशा रोजच्या चकमकीसाठी. मोठ्या ड्रॅगनला चावा, दोन पंजे, दोन पंख आणि शेपूट असे सहा हल्ले होते, पण ते सगळे करायचे तर त्याला जवळपास जागेवर उभे राहावे लागे. उडाला की एकच हल्ला. शिवाय एक सेव्हिंग थ्रो हुकला की खेळ खलास.

चौथ्या आवृत्तीने (२००८) पहिल्यांदा दुखण्यावर नेमके बोट ठेवले. ‘सोलो’ राक्षस पाच साध्या राक्षसांच्या तोडीचा धरला, त्याला दोन ॲक्शन पॉइंट (जादा कृतीची मुभा) आणि सेव्हिंग थ्रोवर ५ ची भर दिली. ड्रॅगन निम्म्या हिट पॉइंटांवर आला की फूत्कार परत मिळे आणि तो तिथल्या तिथे सुटे. बेसिकमधली उतरती कळा इथे चढती झाली. पण सुरुवातीच्या सोलोंचे हिट पॉइंट अफाट आणि मारा किरकोळ. खेळाडूंचे मोठे डाव पहिल्या चार फेऱ्यांत संपत. मग निकाल ठरलेला असूनही तास-तासभर साधे वार चालत. पुढच्या दोन मॉन्स्टर मॅन्युअलांत, म्हणजे राक्षसांच्या पुस्तकांत, हिट पॉइंट उतरले, मारा चढला. बॉस तासनतास रेंगाळत असेल तर आजही हाच उतारा.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने पाळ्याच वाटून दिल्या. प्रौढ लाल ड्रॅगनला २५६ हिट पॉइंट, फूत्काराची सरासरी इजा ६३, आणि प्रत्येक फेरीत तीन लेजेंडरी ॲक्शन, म्हणजे जादा कृती, त्याही दुसऱ्यांच्या पाळीच्या शेवटी. शेपटीला एक लागते, पंखांच्या फटकाऱ्याला दोन. फटकाऱ्याने जवळचे खाली पडू शकतात आणि ड्रॅगन घेऱ्यातून उडून जातो. नवखे डीएम नेमके हेच विसरतात. इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम ठरवणारा आकडा) २० वर ड्रॅगनची गुहाच हल्ला करते: लाव्हा उसळतो, जमीन हादरते. दिवसातून तीन वेळा चुकलेला सेव्हिंग थ्रो साधला असे धरता येते. या शेवटच्या नियमाने बॉस वाचतो, पण जादूगाराचे तीन मंत्र निव्वळ वाया जातात, आणि खेळाडूला ते टोचते.

बाहेरूनही उपाय आले. ‘थर्टीन्थ एज’ या दुसऱ्या खेळाने (२०१३) दुसऱ्या फेरीपासून दर फेरीला वाढणारा, खेळाडूंच्या हल्ल्यात मिळवायचा फासा दिला, म्हणजे लढत आपोआप शेवटाकडे सरकते. मॅट कोलव्हिलच्या एमसीडीएम या प्रकाशन संस्थेने तीन ‘व्हिलन ॲक्शन’ सुचवल्या, प्रत्येक लढतीत एकदाच: पहिली ओळख करून देणारी, दुसरी खेळाडूंना कोंडीत पकडणारी, तिसरी कंबरडे मोडणारी.

२०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलने गुहेची वेगळी पाळी काढून टाकली. गुहेत असताना ड्रॅगनला एक लेजेंडरी ॲक्शन आणि चुकलेला सेव्हिंग थ्रो साधला असे धरण्याची एक संधी जास्त मिळते. डीएमचे काम हलके झाले, पण जागा मुकी झाली. लाव्हा परत हवा असेल तर इनिशिएटिव्ह २० वर दोन-तीन परिणाम स्वतः लिहून ठेवावेत, आणि तोच परिणाम लागोपाठ दोन फेऱ्यांत वापरू नये.