साठचा आकडा कुठून आला? मूत्रपिंडविकाराच्या निदानामागची पार्श्वभूमी

१८२७ मध्ये लंडनमधल्या एका डॉक्टरांनी अंगावरची सूज, तापवली की साकळणारी लघवी आणि शवविच्छेदनात दिसणारी खराब मूत्रपिंडे यांची सांगड घातली. १८८६ मध्ये पिक्रिक आम्लाने क्रिएटिनीनला (मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) रंग आणण्याची रीत सापडली. तिची सुधारलेली रूपे आजही अनेक लॅबमध्ये वापरात आहेत. १९५० च्या दशकात लघवीत बुडवायची पट्टी आली आणि सुईने बायोप्सी करणेही रुळू लागले. आजचे वाद मात्र, म्हणजे मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग साठच्या खाली गेला की आजार मानावा का, हे बरेच अलीकडचे आहेत.

क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होते, त्यामुळे एकटा आकडा फसवा ठरतो. मूत्रपिंडांचे काम निम्म्याने घटले तरी तो ‘नॉर्मल’च्या चौकटीत बसू शकतो. म्हणून १९७६ मध्ये वय, वजन आणि लिंग धरून हिशेब करणारे एक सूत्र आले. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या १,६२८ रुग्णांवरून दुसरे सूत्र निघाले आणि रिपोर्टवर छापला जाणारा ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज, प्रामुख्याने त्यातूनच रुजला. क्रिएटिनीन १.१ असेल, तर आजच्या प्रचलित सूत्राने २५ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर ९५ च्या आसपास येतो, ७५ वर्षांच्या स्त्रीचा ५२ च्या. (हा वेग दर मिनिटाला मिलिलिटरमध्ये, १.७३ चौरस मीटर शरीरपृष्ठासाठी सांगतात. ते माप शंभर वर्षांपूर्वीच्या तरुण अमेरिकनांच्या सरासरीवरून घेतलेले आहे, आणि ते बदलायची कुणाला घाई दिसत नाही.)

खरा तिढा २००२ चा. त्या वर्षीच्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी ठरवले, की ईजीएफआर तीन महिने किंवा अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार, मग लघवीत प्रथिन (मूत्रपिंड बिघडल्याची खूण) असो वा नसो. कारण सरळ होते. निरोगी तरुणाचा वेग १२० च्या आसपास असतो, म्हणजे ६० ला निम्मे काम गेलेले. रेषा एकच असल्याने डॉक्टरांना एक समान भाषा मिळाली आणि पूर्वी उशिरा कळणारा आजार लवकर पकडता येऊ लागला. हा फायदा मोठा होता.

पण ही रेषा वय पाहत नाही. चाळिशीनंतर गाळण्याचा वेग साधारण वर्षाला एकाने उतरतो, आणि हे आजार नसलेल्या माणसांतही घडते. परिणामी सत्तरी-ऐंशीतले असंख्य लोक एका रिपोर्टने ‘स्टेज ३’चे, म्हणजे ३० ते ५९ या टप्प्यातले, रुग्ण झाले. एक मूत्रपिंड दान केलेले धडधाकट लोकही कधीकधी याच रेषेखाली सापडतात. भरीला १९९९ चे सूत्र मूळचे मूत्रपिंडरुग्णांवर बेतलेले, त्यामुळे निरोगी माणसाचा वेग ते कमी दाखवे. बऱ्याच लॅब ६० च्या वरचा नेमका आकडा छापतच नसत. समर्थकांचे म्हणणे असे, की ६० च्या खाली वृद्धांतही मृत्यूचा आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढतो. धोका वाढतो हे खरे, पण धोका म्हणजे आजार नव्हे, आणि रेषा आखताना हा फरक पुरेसा जपला गेला नाही.

२०१२ मध्ये अर्धी दुरुस्ती झाली. तिसरा टप्पा ४५ वर दुभंगला, लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पायऱ्या जोडल्या गेल्या, आणि ४५ ते ५९ दरम्यान नुकसानीची दुसरी कोणतीच खूण नसेल तर रक्तातले सिस्टॅटिन-सी हे प्रथिन तपासून खात्री करावी, असे सुचवले गेले. ही तपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, पण थायरॉइडचे विकार, स्टिरॉइड आणि धूम्रपान तिलाही चकवतात. २०१९ मध्ये काही तज्ज्ञांनी वयानुसार तीन रेषा मांडल्या: चाळिशीआधी ७५, पासष्टीपर्यंत ६०, त्यापुढे ४५.

दरम्यान अमेरिकेत दुसराच वाद पेटला. तिथल्या सूत्रांत कृष्णवर्णीयांचा आकडा एका गुणकाने वाढवला जाई, आणि त्यामुळे त्यांचे नाव प्रत्यारोपणाच्या यादीत उशिरा लागे. २०२१ च्या सूत्रातून तो गुणक गेला.

वयाच्या बाबतीत मात्र २०२४ च्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनीही सर्वांसाठी ६० च कायम ठेवले. त्यांनी सिस्टॅटिन-सीचा वापर वाढवायला सांगितले आहे.