हॉट रॉडच्या मागच्या चाकांखाली जॅग्वार कशी आली

हॉट रॉड म्हणजे वेगासाठी बदलून घडवलेली जुनी गाडी, बहुतेकदा फोर्ड. 1908 च्या मॉडेल टीपासून 1948 पर्यंत फोर्डची मागची बाजू मुळात एकाच विचारावर चालली: दोन्ही चाकांना जोडणारा अखंड एक्सल, टॉर्क ट्यूब (मागे जाणारा शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) आणि आडवी लीफ स्प्रिंग. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर सरळ रेषेत गाडी पळवणाऱ्यांना याहून वेगळं काही लागतही नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर क्विक-चेंज डिफरन्शियल (इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच) आलं. मागचं झाकण काढून दोन गिअर बदलले की रेशो बदलायचा, पण एक्सल अखंडच राहिला.

खरी कलाटणी 1961 ची. त्या मार्चमध्ये जिनिव्हाला जॅग्वार ई-टाइप पुढे आली आणि तिच्याबरोबर मागच्या इंडिपेंडंट सस्पेन्शनचा, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होऊ देणारा, एक आटोपशीर संच आला. हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) हाच वरचा आर्म, खाली नळीचा एक आर्म, प्रत्येक चाकाला शॉकवर चढवलेल्या दोन स्प्रिंगा आणि डिस्क ब्रेक थेट डिफरन्शियलला लागून. हे सगळं पत्र्याच्या एका पिंजऱ्यात, पिंजरा रबरी माउंटवर. म्हणजे अख्खा संच सोडवून दुसऱ्या गाडीखाली नेता येतो. 1963 च्या कॉर्व्हेटलाही इंडिपेंडंट सस्पेन्शन मिळालं, पण तिचे ट्रेलिंग आर्म तिच्याच चॅसिसच्या मापाचे होते. शर्यतीतलं वारंही त्याच दिशेने वाहत होतं. इंडियानापोलिसला 1961 साली मागे इंजिन असलेली छोटी ब्रिटिश गाडी नववी आली आणि 1965 साली त्याच वळणाची ब्रिटिश गाडी जिंकली.

पुढे याच धर्तीचा संच असलेल्या जॅग्वारच्या सेडान भंगारात येऊ लागल्या आणि सत्तरच्या दशकात हा संच हॉट रॉडवाल्यांच्या हाती सहज लागू लागला. ई-टाइपचा मागचा ट्रॅक (दोन चाकांमधलं अंतर) 50 इंच, जुन्या फोर्डला सोयीचा. एक्सजे सिक्स सेडानचा त्याहून बराच रुंद, म्हणून तिचे आर्म आणि हाफ शाफ्ट कापून आखूड करावे लागत.

वाद पेटला तो पिंजऱ्यावरून. टी-बकेटची (मॉडेल टीच्या छोट्या उघड्या बॉडीवरून बनवलेल्या हॉट रॉडची) मागची बाजू उघडी असते, क्रोम केलेला संच दिसावा ही हौस. पिंजरा ते सगळं झाकतो आणि अरुंद चॅसिसमध्ये मावतही नाही. तेव्हा बहुतेकांनी तो फेकला आणि डिफरन्शियल थेट क्रॉस मेंबरला (चॅसिसच्या आडव्या तुळईला) बोल्टने आवळलं. त्याबरोबर तीन गोष्टी गेल्या. रबर गेलं, म्हणून गिअरचा आवाज सरळ बॉडीत. तळाची पट्टी गेली, जी खालच्या आर्मच्या आतल्या ब्रॅकेटना एकमेकांशी बांधून ठेवायची. आणि पुष्कळदा चाकाला पुढे-मागे सरकू न देणारे रेडियस आर्मही गेले, म्हणजे चाकाचा पुढे-मागे येणारा सगळा जोर खालच्या आर्मच्या आतल्या पिव्हटवर. काहींनी त्यांच्या जागी नवे रॉड (दांडे) लावले, पण त्यांचं पुढचं टोक आर्मच्या आतल्या पिव्हटच्या रेषेत नाही आणलं तर चाक वर-खाली होताना सगळं आवळतं. जॅग्वारमध्ये ही विसंगती रबर पोटात घालत होतं. घट्ट बांधणीत ती ब्रॅकेटला तडा देते. गाडी चालवायला वाईट म्हणून या सस्पेन्शनला जो दोष लागला, तो माझ्या मते बराचसा या कापाकापीचा आहे. पट्टी ठेवली, रॉडची टोकं रेषेत आणली की हाच संच खडबडीत रस्त्यावर अखंड एक्सलपेक्षा कितीतरी शांत चालतो. ब्रेकची तक्रार मात्र खरी आहे. डिस्कची उष्णता ऑइल सीलला लागते, सील गळलं की तेल डिस्कवर, आणि डिस्क बदलायची तर अर्धा संच खोलावा लागतो.

'पारंपरिक' गाडीत हे चालावं का, हा दुसरा तंटा. 1965 पर्यंतचा काळ धरणाऱ्यांच्या हिशेबाने संच बसतो. नको म्हणणारे सांगतात की त्या काळात तो हॉट रॉडखाली क्वचितच दिसे, आणि त्याचा बोलबाला झाला तो 1970 साली अमेरिकेत पिओरियाला पहिला देशव्यापी मेळावा भरला त्यानंतरच्या स्ट्रीट रॉडच्या (रस्त्यावर चालवायच्या हॉट रॉडच्या) जमान्यात. दुसरी बाजू कमकुवत नाही. तरीही 1961 चा भाग 1932 च्या गाडीला लावणं ही त्याच वृत्तीची गोष्ट आहे, जिने त्याआधी दुसऱ्या गाड्यांची व्ही-एट इंजिनं उचलून आणली.

1984 च्या कॉर्व्हेटपासून अॅल्युमिनियमचे हलके भाग मिळू लागले, आणि आता तर खास हॉट रॉडसाठी घडवलेले संच मिळतात. त्यांत ब्रेक चाकाजवळ असतात आणि काहींचं डिफरन्शियलचं घर जुन्या क्विक-चेंजसारखंच दिसतं.