कसाऱ्याचा 'बँकर' आणि घाटातला 'खेकडा'

ठाण्याहून नाशिकला निघालेली एक्सप्रेस कसाऱ्याला रेंगाळली की डब्यात कुणीतरी जाणकार सांगतोच, "बँकर लागतोय." याचा बँकेशी काडीचाही संबंध नाही. इंग्रज रेल्वेवाल्यांच्या बोलीत 'बँक' म्हणजे चढ, आणि चढावर गाडीला मागून रेटा देणारं जादा इंजिन म्हणजे बँकर.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटर गाडी धावली, तेव्हा असलं काही लागलं नाही. खरी परीक्षा होती थळ घाटाची. १८६५ मध्ये कसारा-इगतपुरी मार्ग सुरू झाला तो ३७ला १ चढाचा: ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर. एवढ्या चढावर एकट्या इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरू लागतात, पावसाळ्यात तर विचारूच नका. मग जादा इंजिन पुढेच का जोडत नाहीत? कारण सगळा ताण पुढच्या डब्यांच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर येतो. ते तुटलंच, तर मागच्या डब्यांना धरून ठेवायला मागे कुणीतरी हवं.

घाटात वीज आली तेव्हा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे आजची मध्य) रेल्वेने मालगाड्यांसाठी स्विस धाटणीची इंजिनं आणली. मधे उंच खोली, पुढे-मागे दोन बुटकी नाकाडं, दोन्हींखाली आडव्या दांड्यांनी एकमेकांना जोडलेली चाकं. युरोपात या घडणीला मगर म्हणत. आपल्या लोकांनी नाव ठेवलं 'खेकडा'. उभं असताना इंजिन कण्हायचं, चालताना दांड्या सुसकारे टाकायच्या, म्हणून म्हणे. पहिल्या पावसात घाटात खेकडे धरणाऱ्यांना मगर सुचणार तरी कशी!

उतारावरची 'कॅच सायडिंग' मात्र गंमतीची गोष्ट नाही. मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा आणि पुढे कुठेच न पोचणारा हा रूळ. एरवी गाडीचा रूळ बदलणारा सांधा त्याच्याच बाजूला लावलेला असतो. घाट उतरणारी गाडी आधी पूर्ण थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे दिसलं, की मगच सांधा फिरवून तिला मुख्य मार्ग देतात. बेफाम सुटलेली गाडी सायडिंगात शिरते आणि चढावर तिचा जोर ओसरतो.

२०१९ पासून मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी एक्सप्रेस दोन्ही टोकांना इंजिन लावून घाट चढू लागली. २०२३ मध्ये आलेल्या, ठाण्याला थांबणाऱ्या शिर्डी वंदे भारतच्या तर डब्यांखालीच मोटरी आहेत. तिला कसाऱ्याला बँकरची वाट पाहावी लागत नाही.