घडीचे फोन आणि ‘एआय फोन’: मागणी मोजायची कशी?

घडीचा फोन, म्हणजे पडद्यासकट दुमडणारा फोन, आणि फोनमधली एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, या दोन्ही गोष्टी बाजारात पुढे आल्या त्या एकाच अडचणीतून. जगभरातली स्मार्टफोनची वार्षिक विक्री २०१६-१७ च्या सुमारास १४० कोटींच्या पुढे गेली, तिथेच थबकली आणि मग उतरू लागली. २०२३ मध्ये ती १२० कोटींच्याही खाली आली होती. हातातला फोन चांगला चालतोय म्हटल्यावर लोक तो जास्त वर्षं वापरू लागले, आणि त्यांना पुन्हा दुकानाकडे वळवायला कंपन्यांना काहीतरी नवं दाखवणं भाग पडलं. ‘ग्राहकांना हे हवं आहे का?’ हा प्रश्न त्यामुळे नेहमी वस्तू बाजारात आल्यानंतर विचारला गेला.

लवचीक पडद्याचे नमुने २०१३ च्या सुरुवातीलाच प्रदर्शनांत दिसले होते. अधल्यामधल्या काळात दोन वेगळे पडदे बिजागरीने जोडण्याचे प्रयोग झाले, ते कुणी फारसे लक्षात ठेवले नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये एका नवख्या चिनी कंपनीने ‘फ्लेक्सपाय’ आणला. पण जगाचं लक्ष वेधलं ते फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या, १,९८० डॉलर किमतीच्या, सॅमसंगच्या ‘गॅलेक्सी फोल्ड’ने. एप्रिलमध्ये परीक्षणासाठी दिलेले काही फोन दोन-तीन दिवसांतच बिघडले. काहींनी पडद्यावरचा थर नेहमीची संरक्षक फिल्म समजून सोलून काढला होता, तर काहींत बिजागरीच्या फटीतून कण आत शिरले होते. विक्री सप्टेंबरपर्यंत लांबली. थराच्या कडा चौकटीखाली गेल्या, बिजागरीच्या टोकांना टोप्या बसल्या. पण घडीचा फोन म्हणजे नाजूक फोन, हा समज जो बसला तो पुढची कितीतरी वर्षं पुसला गेला नाही.

खरं तर त्यानंतरची सुधारणा वाखाणण्याजोगी आहे. २०२० मध्ये प्लास्टिकऐवजी अतिशय पातळ काच आली, २०२१ मध्ये पाण्यापासून संरक्षण मिळालं. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनमध्ये तीन भागांत दुमडणारा फोन १९,९९९ युआनला विक्रीला आला. जुलै २०२५ मधला ‘गॅलेक्सी झेड फोल्ड ७’ उघडल्यावर ४.२ मिलिमीटर जाडीचा आणि २१५ ग्रॅम वजनाचा आहे; सॅमसंगच्याच त्या वेळच्या साध्या आकाराच्या सर्वांत महागड्या फोनपेक्षाही तो किंचित हलका होता. किंमत मात्र १,९९९ डॉलर होती, म्हणजे सहा वर्षांपूर्वी होती तिथेच. जगातल्या एकूण विक्रीत घडीच्या फोनचा वाटा २०२५ मध्येही दोन टक्क्यांच्या आतच होता.

हा आकडा लहान असला तरी प्रामाणिक आहे. घडीचा फोन घेणारा माणूस तो घडीसाठीच घेतो. शेजारीच कमी किमतीचा साधा फोन असताना तो मुद्दाम जास्त पैसे मोजतो. म्हणून वाढ झाली तर ती खरी, आणि झाली नाही तर नकारही खरा. घडी नको की किंमत नको, एवढंच त्यातून वेगळं काढता येत नाही.

एआयच्या बाबतीत असा आकडाच हाती लागत नाही, आणि याचं मोठं कारण ‘एआय फोन’ म्हणजे काय, हेच पक्कं नसणं. २०११ मध्ये फोनशी बोलता येऊ लागलं तेव्हा हा शब्द कुणी वापरत नव्हतं. २०१७ मध्ये एआयची गणितं करणारा वेगळा भाग चिपमध्ये आला आणि काही फोन त्या नावाने विकले गेले. त्या चिपची करामत लोकांनी भरपूर वापरली, पण ती ‘अंधारातही चांगला फोटो येतो’ म्हणून. नोव्हेंबर २०२२ नंतर चॅटबॉटची लाट आली आणि जानेवारी २०२४ पासून ‘एआय फोन’चा अर्थ मजकूर लिहिणारा, सारांश काढणारा, बोलणं भाषांतरित करणारा फोन असा झाला. बाजार मोजणाऱ्या एका संस्थेने चिपचा वेग सेकंदाला ३० लाख कोटी क्रिया किंवा त्याहून जास्त असेल तरच फोन या गटात धरायचं ठरवलं. दुसऱ्या संस्थेने एआयचं मोठं मॉडेल फोनवरच चालतं का, हे पाहिलं. दोन्ही व्याख्यांत खरेदीदार कुठेच नाही. त्याने बॅटरीसाठी फोन घेतला असला आणि एआयचं बटण कधी दाबलं नसलं तरी त्याची गणती ‘एआय फोन’च्या ग्राहकांत होते. या वाढत्या आकड्यांना मागणी म्हणणं मला पटत नाही.

शिवाय रेषा कुठे ओढायची हे विक्रेत्याच्या हातात राहिलं. जून २०२४ मध्ये जाहीर झालेलं ‘ॲपल इंटेलिजन्स’, म्हणजे ॲपलच्या एआय सुविधांचा संच, अवघ्या नऊ महिन्यांपूर्वी बाजारात आलेल्या साध्या ‘आयफोन १५’ला मिळालं नाही, त्याची मेमरी ६ जीबी होती, आणि गरज ८ जीबीची. त्याच वर्षी गूगलच्या ‘पिक्सेल ८’वर फोनमध्येच चालणारं मॉडेल हार्डवेअरच्या मर्यादेमुळे देता येणार नाही असं आधी सांगण्यात आलं, आणि काही महिन्यांत तेच डेव्हलपरसाठीच्या, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या, पर्यायांत उपलब्ध झालं. मग मर्यादा नेमकी कशाची होती, असं ग्राहकाने विचारलं तर चुकलं कुठे?

पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये ‘आयफोन १६’ एआयच्या जाहिरातीवर विकायला आला, पण पहिल्या सुविधा ऑक्टोबरअखेर पोचल्या. बातम्यांच्या सूचनांचे सारांश चुकीचे निघाल्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये ते थांबवावे लागले, आणि मार्चमध्ये सिरी या ॲपलच्या बोलत्या मदतनिसाची नवी आवृत्ती लांबणीवर पडल्याचं जाहीर झालं. या सुमाराच्या एका पाहणीत आयफोनवर एआय वापरणाऱ्यांपैकी ७३ टक्के आणि गॅलेक्सीवर वापरणाऱ्यांपैकी ८७ टक्के लोकांनी त्याने फारसा किंवा अजिबात फरक पडत नसल्याचं सांगितलं. २०२५ मधल्या दुसऱ्या, अमेरिकेतल्या पाहणीत एआयसाठी फोन बदलू म्हणणारे ११ टक्के होते. किंमत आणि बॅटरी कितीतरी पुढे होत्या.

या पाहण्यांतही एक खाच आहे. फोटोतला नको असलेला माणूस पुसणारा किंवा पडद्यावरच्या वस्तूभोवती गोल काढून ती शोधणारा वापरकर्ता स्वतःला एआयचा ग्राहक समजतोच असं नाही. दृष्टिहीनांना फोटोचं वर्णन वाचून दाखवणारी सोय तर त्यांच्यासाठी फार मोलाची आहे, आणि ती सरासरीत हरवून जाते. मागणीची खरी कसोटी वेगळे पैसे मागितल्यावर लागली असती. पण २०२४ मध्ये आलेल्या गॅलेक्सी एआयच्या सुविधा ‘२०२५ अखेरपर्यंत मोफत’ अशा तळटीपेसह आल्या होत्या.

२०२५ च्या उत्तरार्धात पैशाचा प्रश्न वेगळ्याच वाटेने आला. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिपची मागणी इतकी वाढली की फोनमध्ये लागणारी मेमरीही महागली. हा वाढीव खर्च साध्या, घडीच्या, एआय असलेल्या आणि नसलेल्या अशा सगळ्याच फोनच्या उत्पादनावर पडतो आहे.