अनपेक्षित मेजर विजेते: एका विजयानंतर पुढे काय?

जून २०२५मध्ये ओकमाँटच्या अठराव्या ग्रीनवर गोल्फपटू जे. जे. स्पॉनने ६४ फुटांवरून चेंडू होलमध्ये घातला आणि यूएस ओपन ही मेजर, म्हणजे पुरुषांच्या गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकली. त्याच दिवशी पहिल्या नऊ होलमध्ये त्याने पारपेक्षा, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा, पाच फटके जास्त घेतले होते. मग पावसाने खेळ थांबला, आणि परतलेला स्पॉन वेगळाच खेळाडू होता. वय ३४. त्याआधी पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, त्याच्या नावावर एकच विजय होता, २०२२च्या टेक्सास ओपनचा. वर्षभरापूर्वी तर टूर कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क, हातचं जातंय की काय अशी त्याची अवस्था होती. त्यामुळे करंडक हाती येताच नेहमीचा प्रश्न आला: हा टिकेल का?

प्रश्न जुना आहे. १९१३मध्ये ब्रुकलाइनला फ्रान्सिस विमेट या २० वर्षांच्या हौशी खेळाडूने हॅरी व्हार्डन आणि टेड रे या ब्रिटिश दिग्गजांना प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा फेरीत, हरवून यूएस ओपन जिंकली, तेव्हापासूनचा. १९५५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिम्पिक क्लबवर तर प्रक्षेपण संपताना टीव्हीवरून बेन होगनचं पाचव्या यूएस ओपनबद्दल अभिनंदनही करून झालं होतं. मैदानावर अजून जॅक फ्लेक खेळत होता. आयोवातल्या सार्वजनिक कोर्सवर काम करणाऱ्या या माणसाने होगनला गाठलं आणि दुसऱ्या दिवशी १८ होलच्या प्लेऑफमध्ये ६९ विरुद्ध ७२ असं हरवलं. फ्लेकच्या हातातल्या खेळायच्या काठ्या, म्हणजे क्लब, होगनच्याच कंपनीच्या होत्या! पुढे त्याने टूरवर आणखी दोन स्पर्धा जिंकल्या. तरी लोकांनी त्याला ओळखलं ते होगनला हरवणारा म्हणूनच.

१९८६मध्ये अधिकृत जागतिक क्रमवारी आली आणि ‘अनपेक्षित’ हे अंकांत सांगता येऊ लागलं. त्या हिशेबात २००३चं वर्ष सगळ्यात गमतीचं. त्या वर्षीच्या चारही मेजर पहिल्यांदाच मेजर जिंकणाऱ्यांनी नेल्या. पहिले दोघे, माइक वेअर आणि जिम फ्युरिक, नावाजलेले होते. नंतरच्या दोघांना मात्र कोणी विचारात घेतलं नव्हतं.

जुलैमध्ये ब्रिटनच्या ओपन या मेजरसाठी रॉयल सेंट जॉर्जेसला बेन कर्टिस आला तेव्हा तो क्रमवारीत ३९६वा होता आणि ही त्याची आयुष्यातली पहिलीच मेजर होती. शेवटच्या टप्प्यात आघाडीवर होता डेन्मार्कचा थॉमस ब्यॉर्न. सोळाव्या होलवर त्याचा चेंडू बंकरमध्ये गेला. बाहेर काढलेला चेंडू घरंगळत परत वाळूत आला, आणि पुन्हा तेच झालं. कर्टिस तोवर आपली फेरी संपवून बसला होता. पहिल्याच मेजरमध्ये विजय, विमेटनंतर ९० वर्षांनी. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ असंच बहुतेकांनी म्हटलं. पण चार दिवसांत पारखाली राहिलेला तो एकटाच होता. ते काही ब्यॉर्नने त्याला बहाल केलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये ओक हिलला पीजीए चॅम्पियनशिप जिंकणारा शॉन मिकील १६९वा होता. शेवटच्या होलवर सेव्हन-आयर्न या क्लबने मारलेला त्याचा फटका होलपासून काही इंचांवर थांबला. मेजर स्पर्धांतल्या अखेरच्या फटक्यांत याची बरोबरी करणारे फार थोडे.

पुढे काय झालं? कर्टिसने २००६मध्ये टूरवर दोन स्पर्धा जिंकल्या, २००८मध्ये पीजीए चॅम्पियनशिपला संयुक्त दुसरा आला, त्याच वर्षी रायडर कप ही अमेरिका आणि युरोप यांच्यातली सांघिक लढत खेळला आणि २०१२मध्ये टेक्सास ओपन जिंकली. मिकील टूरवर पुन्हा कधीच जिंकला नाही. पण २००६मध्ये पीजीए चॅम्पियनशिपला तो टायगर वुड्सच्या मागे दुसरा होता आणि त्याच वर्षी वेंटवर्थच्या वर्ल्ड मॅच प्लेमध्ये त्याने वुड्सला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. यांना ‘एका स्पर्धेचे राजे’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

मुळात मोजमापच चुकतं. दुसरी मेजर जिंकली तरच टिकला, असं धरलं तर जवळपास सगळेच नापास होतात. फार दूरवरून आलेल्यांत अपवाद जॉन डेलीचा. १९९१च्या पीजीए चॅम्पियनशिपला तो राखीव यादीत नववा होता. निक प्राइसने माघार घेतल्यावर रातोरात गाडी हाणत क्रुकेड स्टिकला पोचला आणि सरावाची एकही फेरी न खेळता जिंकला. १९९५मध्ये सेंट अँड्र्यूजला ओपनही जिंकली. पण टूरवरचे त्याचे एकूण विजय पाचच, आणि स्थिर कारकीर्द म्हणाल तर ती त्याच्याकडे कधीच नव्हती.

त्यापेक्षा पॉल लॉरीकडे पाहावं. १९९९ची कार्नूस्टीची ओपन लोकांच्या लक्षात आहे ती ज्याँ वान द वेल्डमुळे: शेवटच्या होलवर सहा फटके पुरले असते, लागले सात. शेवटच्या दिवशी दहा फटके मागून सुरुवात करून ६७ची फेरी खेळणारा आणि मग प्लेऑफ जिंकणारा ॲबर्डीनचा लॉरी त्या गोष्टीत जणू पाहुणा. क्रमवारीत १५९वा असलेला हा खेळाडू त्याच वर्षी रायडर कपमध्ये पाचपैकी साडेतीन गुण घेऊन गेला. नंतर २००२ ते २०११ एकही विजय नाही. नऊ वर्षं! आणि मग चाळिशी ओलांडल्यावर २०१२मध्ये कतार मास्टर्स आणि ग्लेनईगल्सची स्पर्धा. त्याच वर्षी मेडिनाला पुन्हा रायडर कप, आणि एकेरीत ब्रँट स्नेडेकरवर दणदणीत विजय.

एवढी वर्षं थांबायला वाव मिळतो तो टूरच्या सवलतीमुळे. मेजर जिंकणाऱ्याला अमेरिकेच्या टूरवर आता पाच वर्षांचं कार्ड मिळतं, पूर्वी दहा वर्षांचं मिळे. दर आठवड्याला जागेसाठी झगडणाऱ्याला ही मोठी उसंत. पण त्याच दाराने तो सगळ्यात कठीण कोर्सवर, सगळ्यात बलाढ्य खेळाडूंसमोर वर्षानुवर्षं उभा केला जातो. आधी ज्या छोट्या स्पर्धांत त्याचं भागत होतं, तिथे आता पंधरावा आला तरी अपयश ठरतं. २००५मध्ये पाइनहर्स्टच्या यूएस ओपनमध्ये वुड्सला मागे टाकणारा न्यूझीलंडचा मायकल कॅम्पबेल त्याच वर्षी वर्ल्ड मॅच प्लेही जिंकला, आणि त्यानंतर काहीच नाही.

कीगन ब्रॅडलीची अडचण वेगळी. पोटाला टेकवायचा लांब पटर (चेंडू होलमध्ये ढकलायची काठी) घेऊन त्याने २०११मध्ये पहिल्याच मेजरमध्ये पीजीए चॅम्पियनशिप जिंकली आणि २०१६पासून नियमाने तसा पटर टेकवणंच बंद केलं. २०१२ ते २०१८ तो विजयाविना राहिला, पटिंग नव्याने बसवलं आणि पुन्हा जिंकू लागला. २०२५मध्ये अमेरिकेच्या रायडर कप संघाचा कर्णधार असतानाही त्याने ट्रॅव्हलर्स स्पर्धा जिंकली.

महिलांच्या खेळात ही सवलत किती मोलाची, हे सोफिया पोपोवमुळे कळलं. २०२०मध्ये रॉयल ट्रूनला महिला ओपन जिंकली तेव्हा ती ३०४वी होती. मेजर जिंकणारी पहिली जर्मन महिला. पण ती त्या वेळी एलपीजीए या अमेरिकेतल्या महिलांच्या टूरची सदस्य नव्हती, म्हणून विजेत्यांना मिळणारी पाच वर्षांची मुभा तिला तेव्हा मिळाली नाही. पुढच्याच महिन्यात एएनए इन्स्पिरेशन ही मेजर होती. कोरोनामुळे लांबलेल्या त्या स्पर्धेची यादी आधीच पक्की झाली होती, आणि ताजी मेजर विजेती तीत नव्हती.